मान्य असेल तर अंगठा दाखवा

उमादेवी फोन कानाला लावत नाही. भाकरी थापायला घेतल्यासारखा तो तळहातावर आडवा ठेवते, तोंडासमोर धरते आणि बोलते. आधी "ऐका माय, ऐका बाबा," मग कामाचं काय ते, आणि शेवटी "मी उमादेवी, लातूरहून." गावाच्या ग्रुपवर हा आवाज दिवसातून चारदोनदा येतो. तिचं गाव औसा तालुक्यात, लातूरपासून तासाभराच्या वाटेवर. ती तिथली सरपंच आहे आणि राहते लातुरात. गावातले विरोधक तिला मोबाईल सरपंच म्हणतात. ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरी येऊन आमच्या ह्यांना दोनदा सांगितलं होतं, इतकं मला ते आवडलं.

उमा माझी कॉलेजातली मैत्रीण, आणि माझी मुलगी मृण्मयी गेल्या जूनपासून तिच्या घरी राहते. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

नांदेडला आम्ही बी.ए.ला एका वर्गात होतो. मी घरून यायची, ती होस्टेलवर राहायची. देवणीकडची, घरी निम्मं कानडी बोलणारी. तिला वही कोरी ठेवायची सवय होती आणि मला भरून काढायची. परीक्षा आली की ती माझ्या वह्या न्यायची आणि पानांच्या मध्ये बडीशेप सांडून परत द्यायची. शेवटच्या वर्षी पंचायत राजच्या पेपरला सरांनी नवी घटनादुरुस्ती शिकवली. आता गावोगावच्या पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांच्या. मी ते लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. मागच्या बाकावरून उमा उठली आणि म्हणाली, "सर, निवडून आल्यावर त्या बाईनं घरी सांगायचं काय?" सगळा वर्ग हसला, सरही हसले. त्या पेपरला विद्यापीठात माझ्याइतके मार्क फार थोड्यांना पडले होते. ती कशीबशी पास झाली. मी पुढं एम.ए. केलं, काही वर्षं तासिका तत्त्वावर नागरिकशास्त्र शिकवलं, मग मृण्मयी झाली आणि तेही सुटलं. त्या पेपरातली बाई मात्र ती झाली.

बी.ए. संपलं त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, गुरुपादप्पांशी, आणि पावसाळा संपता संपता भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले होते. उमा आणि गुरुपादप्पा त्या रात्री देवणीला तिच्या माहेरी होते, म्हणून वाचले. सासू आणि धाकटा दीर घराखाली गेले. आमच्या कॉलेजनं चादरी, भांडी, धान्य गोळा केलं. नोटीसबोर्डावर उमाचं नाव होतं, आपली माजी विद्यार्थिनी म्हणून. सर तिच्याबद्दल बोलताना चष्मा काढायचे. मी माझ्या दोन चादरी दिल्या, चांगल्यातल्या दिल्या. आणि ट्रकमध्ये गाठोडी चढवताना मनात आलं की हिच्या आयुष्यात काहीतरी घडतं, माझ्या आयुष्यात फक्त निकाल लागतात. भूकंपाचा हेवा कुणी करतं का? पण विचार येताना विचारून येत नाही.

पुढं काही वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. मग नवं गाव झालं. मी एकदा गेले होते. गाडी वळेल एवढे रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट, एकसारखी घरं, गणिताच्या वहीवर मांडल्यासारखी. जुन्या गावात घराला घर लागून होतं. एकीनं दारापुढच्या वट्यावर बसून शेंगा फोडायला घेतल्या की समोरची सूप घेऊन यायची. नव्या गावात एका घरातली हाक दुसऱ्या घरात पोचत नव्हती. उमा मला तेव्हा म्हणाली होती की घरं पक्की मिळाली, पण बोलायचं राहून गेलं. तिची पोरं शाळेची झाली तसे ते दोघं लातूरला आले. गुरुपादप्पांनी कोचिंग क्लासच्या गल्लीत झेरॉक्स आणि वह्यांचं दुकान टाकलं आणि ते चाललं, कारण त्या गल्लीत दुसरं काही लागतच नाही. पोरं शिकून हैदराबादला गेली. गावात घर होतं, मतदारयादीत नाव होतं. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा ती उभी राहिली आणि निवडून आली.

तिनं केलं काय, तर दोन ग्रुप केले. एक सगळ्या गावाचा, पुण्याला नि हैदराबादला गेलेल्यांसह. दुसरा फक्त बायकांचा. त्याचं नाव ठेवलं 'वटा'.

हे चालतं, हे मला कबूल करावं लागतं. नळाला पाणी नाही आलं की बाई कोरड्या नळाचा फोटो टाकते, त्याखाली दुसरी, तिसरी, आणि संध्याकाळपर्यंत ग्रामसेवकाचं उत्तर येतं. रेशनचं धान्य आलं की आधी वट्यावर कळतं, मग दुकानदाराला. घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव गळलं तर ते आता पंचायतीच्या कपाटात राहत नाही. ज्या बायका ग्रामसभेत पदराआड बसून उठून जायच्या, त्या आता चुलीपुढून बोलतात, मागे फोडणीचा आवाज येतो. आणि हेही खरं की त्याच ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं पडतात, कुणाच्या सुनेबद्दल कायबाय येतं, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचं गाऱ्हाणं पूर्वीसारखंच घरात राहतं. माजी सरपंच शेषेराव पारावर म्हणतात, आमच्या गावात सरपंच दिसायला रेंज लागते. मला शेषेराव कधी भेटले नव्हते, पण तो माणूस मला आपला वाटायचा.

मृण्मयी आमची उशिरा झालेली, एकुलती. मागच्या वर्षी नीटला थोडक्यात हुकली. परत द्यायचं ठरलं, लातूर ठरलं. मी होस्टेल बघत होते तर उमाचा फोन आला. माझं घर असताना पोरगी होस्टेलात राहणार का, तुझं डोकं फिरलंय का, असं म्हणाली. आमचे हे, रेणुकादास, शाळेत गणित शिकवतात आणि घरात फारसं बोलत नाहीत. ते लगेच हो म्हणाले. मीही म्हणाले. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

पहिल्यांदा दिसलं ते श्रावणात. फोनवर मी विचारलं, जेवलीस का, आणि ती म्हणाली, "हाव."

आमच्या घरात 'हो' म्हणतात. माझ्या माहेरी म्हणत, सासरी म्हणतात, हिला मी बोलायला शिकवलं तेव्हा 'हो' शिकवलं. नांदेडच्या रस्त्यावर चोहीकडे 'हाव' असतं, ते काही नवं नव्हे. पण ते बाहेर असतं. पुस्तकात पाहिलं तर हाव म्हणजे हव्यास. मी तिला म्हटलं, नीट बोल. ती हसली आणि मागं कुणाला तरी म्हणाली, आई रागावली बघ, आणि मागचं कुणीतरी मोठ्यानं हसलं. ते कुणीतरी कोण, ते सांगायला नको.

मग एकेक येत गेलं. दिवाळीला आली ती उमाच्या हातची वेणी घालून, पाच पेडांची. मला तीन पेडांचीच येते. माझे लाडू खाल्ले आणि म्हणाली, उमामावशी बेसन जास्त भाजते. उमाला टाइप करता येत नाही, ती बोलते आणि हिनं लिहायचं, म्हणजे पंचायतीच्या सूचना, अर्ज कसे भरायचे ते, पाण्याच्या वेळा. भाऊबीजेच्या ताटापुढे बसून ती कुणा बाईला निराधार पगाराचा अर्ज समजावत होती, आणि इतक्या धीरानं की मी दाराशी उभी राहून ऐकत राहिले. माझ्याशी बोलताना ती असा धीर धरत नाही. मी ह्यांना म्हटलं, ही डॉक्टर व्हायला गेलीय की ग्रामसेवक? हे म्हणाले, तिचं मन लागलंय तर लागू दे. मन कुठं लागलंय, हाच तर प्रश्न होता.

जानेवारीत क्लासच्या टेस्टमध्ये ती घसरली. मला कारण मिळालं. मी ठरवलं की जायचं आणि पुस्तकं, गादी, पोरगी, सगळं घेऊन नांदेडला यायचं. क्लास काय, नांदेडलाही आहेत. राहिलेले महिने मी तिच्या टेबलाशेजारी बसेन. ह्यांनी एवढंच विचारलं की तिला विचारलंस का. मी म्हटलं, आईनं विचारायचं नसतं.

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं लातूर गाठलं. कोचिंगच्या गल्लीत पोरं पाठीवर दप्तर घेऊन चालता चालता सूत्रं पुटपुटत होती. भिंतींवर पहिल्या आलेल्यांचे फोटो होते. उमानं दार उघडलं, "आलीस का कुशे," म्हणाली आणि मला पोटाशी धरलं. तिला अजून हळदीचा आणि बडीशेपेचा तोच वास येतो. आत मृण्मयी फोन घेऊन बसली होती. तिनं हात हलवला आणि परत मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेचा विषय होता माळाचा. नवं गाव बसवताना कडेला एक मोठी मोकळी जागा सोडलेली आहे. तिथं पोरं क्रिकेट खेळतात, बायका पापड, कुरडया, ज्वारी वाळत घालतात. लातूरच्या एका अॅकॅडमीला ती जागा लांब मुदतीच्या भाड्यानं हवी होती, निवासी शाळा नि होस्टेल बांधायला. पंचायतीला उत्पन्न, गावातल्या बायकांना मेसमध्ये काम. उमाच्या मनात ते भरलं होतं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती तिनं वट्यावर घेतली. मृण्मयीनं मला मोठ्या कौतुकानं फोन दाखवला.

तिनं लिहिलं होतं, 'माळावरची गावाची जागा निवासी अॅकॅडमीला भाड्याने देण्याचा प्रस्ताव आहे. मान्य असेल तर अंगठा दाखवा.' आणि त्याखाली अंगठेच अंगठे. पिवळे, एकाखाली एक, बोट लावून वर सरकवत गेलं तरी संपेनात.

मी म्हटलं, "हे काय लिहिलंस?"

तिला कळेना. मी विचारलं, अंगठा दाखवणं म्हणजे काय, माहीत आहे का? ती म्हणाली, थम्सअप. मी तिला सांगितलं की मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा दाखवणं. मागायला आलेल्याला हात हलवत परत पाठवणं. तू त्या बायकांना म्हणालीस की मान्य असेल तर आम्हाला ठेंगा दाखवा, आता यातला होकार कुठला आणि ठेंगा कुठला, कोण ओळखणार?

"ते पुस्तकात, आई," ती म्हणाली. "आता सगळ्यांना कळतं. आणि उमामावशीनं ऐकलंय हे, तिला नाही खटकलं."

आत भाजी परतत असलेल्या उमाला मी तेच सांगितलं. ती झारा हातात घेऊन बाहेर आली, वाक्य ऐकलं आणि हसली. "कुशे, तू अजून पेपरच तपासायलीस का?" मृण्मयी हसली. गुरुपादप्पा सभ्य माणूस, ते पेपराआड हसले.

जेवताना मी जाहीर केलं की उद्या झेंडावंदन आणि ग्रामसभा झाली की मृण्मयीला घेऊन मी नांदेडला जाणार. मृण्मयीचा घास थांबला. ती म्हणाली, नंतर बोलू. उमानं माझ्या ताटात तूप वाढलं आणि म्हणाली की लेक तुझी आहे, मी कोण सांगणार, पण सभेला चल, तिनं काय केलंय ते बघ तरी. मी जाणारच होते. त्या अंगठ्यांचा घोळ व्हावा आणि तो माझ्या डोळ्यांसमोर व्हावा, असं मला मनापासून वाटत होतं.

सकाळी शाळेच्या पटांगणात झेंडा झाला, पोरांना लाडू वाटले आणि व्हरांड्यात सभा बसली. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. ग्रामसेवकानं मागचं वाचून दाखवलं, मग माळाचा विषय आला. उमानं अॅकॅडमी काय, भाडं काय, काम किती जणींना, ते चांगलं समजावून सांगितलं. मग म्हणाली की महिला सभेचं मत आलेलं आहे, बहुतेक सगळ्यांना मान्य आहे, नावं मृण्मयी वाचेल. माझी मुलगी माईक घेऊन उभी राहिली. पांढरा सलवार-कुडता, पाच पेडांची वेणी.

"रत्नम्मा," तिनं पहिलं नाव वाचलं, "मान्य."

रत्नम्मा म्हणजे गुरुपादप्पांच्या चुलती, उमाच्या नात्यानं सासूच. सतरंजीच्या पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"कोण म्हणलं मान्य?"

मृण्मयी म्हणाली, "आजी, तुम्ही अंगठा दाखवलात ना?"

"हाव. दाखवला की. दाखवा म्हणलात, दाखवला." आणि त्यांनी मूठ वळून अंगठा वर केला, तो सरपंचाच्या नाकासमोर नेला आणि चांगला हलवला. "ह्यो असा."

मग सतरंजीवरून खुसखुस सुरू झाली आणि पाठोपाठ कल्ला. एक म्हणाली, मी बी तसलाच दाखवला. दुसरी म्हणाली, न्हाई, माझा होकाराचा होता. एका सुनेला ठाऊकच नव्हतं की तिचा अंगठा गेलाय. तिचा फोन नवऱ्याकडे असतो, नवरा पुण्यात. त्यानंच तिकडून दाबला असणार. रत्नम्मांचं तर अजून संपलं नव्हतं. भूकंपाच्या साली बी कागद आणून अंगठाच मागितलावता, त्या म्हणाल्या, कुठं राहायचं ते कुणी इचारलं न्हाई. तवापासून मी अंगठा फकस्त दाखवायला ठेवलाय.

शेषेराव खुर्चीत मागं रेलले. "सरपंचबाई, मोबाईलच्या अंगठ्याला शाई लागत न्हाई," ते म्हणाले, आणि पुरुषांची बाजू पण हसली.

मी म्हणाले होते तेच, अगदी तसंच झालं होतं. पण हसू माझ्या तोंडावर यायच्या आधी मी मृण्मयीकडे पाहिलं. तिच्या हातात माईक तसाच होता, खालचा ओठ दातांत होता. नीटचा निकाल कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा तिचा चेहरा असाच झाला होता. मी उठले. माझ्या आणि तिच्यामध्ये सतरंजीवरच्या बायका होत्या, पाय टाकायला जागा नव्हती. मी कुणाच्या पदरावर पाय पडू नये म्हणून बघत होते, तोवर उमानं माईक घेतला.

"चूक माझी हाय," ती म्हणाली. "मी सांगितलं तसं पोरीनं लिहिलं."

ते खोटं होतं. अंगठा दाखवा हे शब्द मृण्मयीचे होते, उमा फक्त 'विचार समद्यांना' म्हणाली होती. उमा पुढं म्हणाली, सरपंचाला ठेंगा दाखवायची अशी संधी पुन्हा मिळायची न्हाई, घ्या, समद्यांनी दाखवून घ्या. आणि सगळ्या सभेनं दाखवला. बायकांनी, पुरुषांनी, झेंड्यापाशी लाडू खाणाऱ्या पोरांनी. उमाही स्वतःचा अंगठा हलवत हसत होती. जी सभा तिच्या अंगावर जाणार होती ती तिच्या मांडीवर येऊन बसली. मृण्मयीकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. तिनं ओठ सोडला होता.

मी मधेच उभी होते. खाली बसणार, एवढ्यात उमानं माझ्याकडं हात केला. "ही माझी मैतरीण, नांदेडची, एम.ए. झालेली हाय. हिनं कालच सांगितलंवतं, हे वाक्य चुकलंय म्हणून. मी ऐकलं न्हाई."

बायका वळून माझ्याकडं बघू लागल्या. रत्नम्मांनी मान हलवून माझी दखल घेतली. कुणीतरी टाळी वाजवली. माझं बरोबर असणंसुद्धा मला तिच्या हातून मिळालं. ती थोडी चिडली असती, थोडी खोटी पडली असती, तर मला किती बरं वाटलं असतं.

विषय त्या दिवशी तहकूब झाला. हात वर करून मत द्यायला बायका तयार नव्हत्या, खुर्च्यांवर सासरे, दीर बसलेले. शेवटी भांडता भांडता त्यांचं त्यांनीच ठरवलं की वट्यावरच घ्या, पण आवाजात घ्या. अंगठा नातू दाबतो, नवरा दाबतो, आवाज ज्याचा त्याचा असतो. आधी नाव, मग 'हाव' किंवा 'न्हाई'. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी शेजारणीच्या फोनवर. त्यानंतर खास सभा.

सभा पांगल्यावर मृण्मयी शाळेमागं पाण्याच्या टाकीपाशी सापडली. मला बघून म्हणाली, "आई, चल. मी येते नांदेडला. सामान भरते."

ज्यासाठी आले होते ते माझ्या हातात होतं. माझ्याकडून फक्त 'चल' म्हणायचं बाकी होतं. पण तिचं ते 'येते' कोरा पेपर देऊन वर्गाबाहेर पडणाऱ्या पोरीसारखं होतं. अशी घरी आणली तर टेबलाशी बसेल, पुस्तक उघडेल, आणि परीक्षेपर्यंत पुस्तकाच्या पानावर तिला रत्नम्मांचा अंगठा दिसत राहील. आणि दुसरं, जे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही, ते असं की ती माझ्याकडं येत नव्हती, तिथून पळत होती. पळून आलेली मुलगी घेऊन उमावर मात केल्यासारखं मला कसं वाटणार?

मी म्हटलं, "आधी ती सूचना नीट लिही. मग बघू."

आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो. ती फोनवर लिहीत होती, मी सांगत होते. प्रस्ताव एका वाक्यात, भाडं किती ते दुसऱ्या वाक्यात, मुदत तिसऱ्या. 'ज्यांना मान्य आहे त्यांनी आपले नाव सांगून' इथपर्यंत आलो आणि तिनं 'हाव म्हणावे' लिहिलं. मी म्हटलं, 'हो' लिही, सूचना आहे. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, इथं 'हो' कुणीच म्हणत नाही. 'हो' लिहिलं तर परत काहीतरी होईल."

तिचं बरोबर होतं. मी 'हाव' राहू दिलं.

उमा चहा घेऊन आली, तिनं सूचना ऐकून घेतली, छान झाली म्हणाली, आणि बोलता बोलता मृण्मयीची सुटलेली वेणी हातात घेऊन परत घालायला लागली. पाच पेड, न बघता. मी दुसरीकडं बघत चहा संपवला.

संध्याकाळच्या गाडीनं मी एकटीच परत आले. हे स्टॅंडवर स्कूटर घेऊन उभे होते. माझ्या मागं बघितलं, पिशवीकडं बघितलं, आणि स्कूटरला किक मारली.

त्याला आठवडा झाला. उमानं मलाही वट्यावर घेतलंय, मतासाठी नाही, भाषेसाठी. आज संध्याकाळपासून आवाज येतायत. मी स्वयंपाकघरात दार लोटून बसलेय, फोन कानाशी आहे आणि आवाज बारीक केलाय, कारण आत ह्यांचा डोळा लागलाय. रत्नम्मांचं 'न्हाई' एवढं मोठं आलं की बारीक आवाजातही फोन थरथरला. नवरा पुण्यात असलेली ती सून हळूच, कुणी ऐकेल म्हणून आतल्या खोलीतून बोलल्यासारखी, 'हाव' म्हणाली. बारा भानगडी सांगून एकीनं शेवटी 'न्हाई' म्हटलं. मग "मी उमादेवी, लातूरहून. हाव." 'न्हाई' जास्त आहेत. माळ राहणार, पापड वाळत राहणार. उमा हरणार. मला वाटलं होतं त्यानं गार वाटेल. ती उद्या सभेत स्वतःच हे सांगून हसेल आणि सगळे तिच्याबरोबर हसतील, एवढंच डोळ्यासमोर आलं.

थोड्या वेळापूर्वी मृण्मयीचा मेसेज आला. 'आई जागी आहेस का? प्रस्ताव बहुमताने फेटाळला, हे बरोबर आहे ना?'

मला विचारलं. किती दिवसांनी तिनं मला काही विचारलं. मी उत्तर लिहायला घेतलं तेवढ्यात खाली दुसरी ओळ आली, 'उमामावशी म्हणाली, आईलाच विचार.'

माझं बोट आपसूक त्या पिवळ्या अंगठ्याकडं गेलं. मागं घेतलं. 'हाव' लिहिलं. मग खाली लिहिलं की आता झोप, उद्या टेस्ट आहे, आणि या महिन्यात एका तरी रविवारी घरी ये, मी पाच पेडांची शिकून ठेवते.

तिकडून अंगठा आला. होकाराचा की रत्नम्मांचा, ते मी विचारलं नाही.